रजा संपून कामावर जाताना

अगं, रजा संपायच्या पंधरा दिवस आधीपासूनच बाळाला वाटी-चमच्याने दूध प्यायची सवय लाव. अंगावरचं काढून ठेवलेलं दूध फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं, बाहेर चार तास. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढाही भरवसा धरू नकोस. डबीवर तारीख-वेळ लिही.

ऑफिसात संकोच नको. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या सुट्टीशिवाय दूध पाजायला दिवसातून दोनदा वेळ कायद्यानेच मिळतो. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीपासून पाळणाघरही हवंच. मी कधी विचारलंच नाही, भिजलेल्या ब्लाउजवर पदर ओढून बसायचे. फार वाईट दिवस होते ते.

पोळ्यांना बाई लाव. नवऱ्याला ‘मदत कर’ म्हणू नकोस; बाळाची आंघोळ आणि रात्रीची भांडी सरळ त्याच्याकडे सोपव, आणि मागे उभी राहून बघत बसू नकोस.