प्रोस्टेटची बायोप्सी आणि सोनोग्राफी

प्रश्न: वडिलांचा पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीच्या रक्तचाचणीतला आकडा) वाढलाय. सोनोग्राफीतच कॅन्सर कळत नाही का? बायोप्सी (सुईने तुकडे काढून तपासणं) कशाला?

उत्तर: खात्रीने कळत नाही. बऱ्याच गाठी सोनोग्राफीत आजूबाजूच्या ग्रंथीसारख्याच दिसतात. सोनोग्राफीचं खरं काम बायोप्सीच्या सुईला वाट दाखवण्याचं. गुदद्वारातून सोनोग्राफीची बोटाएवढी नळी (प्रोब) घालून ग्रंथी मोजतात, भूल देतात आणि ठरलेल्या भागांतून साधारण १२ बारीक तुकडे घेतात. एमआरआय मात्र बायोप्सीआधीच करून घ्या: संशयित जागा नेमकी गाठता येते, आणि बायोप्सीनंतर साचलेलं रक्त एमआरआयचं चित्र बिघडवतं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, परस्पर बंद करू नका. लघवीत काही दिवस, वीर्यात काही आठवडे रक्त दिसू शकतं. पण थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा.