रक्तात साखर, मग अंगात त्राण का नाही?

प्रश्न : ह्यांची उपाशीपोटीची साखर १६० आली. रक्तात एवढी साखर असून थकवा का? रोज पर्वती चढतात, त्याचा काही उपयोग? – एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : ताई, साखर रक्तात असून भागत नाही, ती पेशीत शिरावी लागते. इन्सुलिन पेशीच्या बाहेरच्या ग्राहीला (निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, म्हणजे रिसेप्टरला) चिकटतं, आत निरोप जातो आणि पेशीत दडलेली ‘ग्लुट-४’ ही वाहक प्रथिनं पृष्ठभागावर येतात. त्यांच्यातून ग्लुकोज आत जातं. हे मुख्यतः स्नायू आणि चरबीच्या पेशींत. मेंदू इन्सुलिनसाठी अडून बसत नाही. टाइप २ मधुमेहात हा निरोप नीट पोचत नाही. शिवाय यकृत रात्रभर साखर सोडत राहतं. म्हणून ‘काल गोड खाल्लंच नव्हतं’ म्हणणाऱ्यांचाही सकाळचा आकडा चढलेला असतो. (ही तक्रार माझ्याकडे रोजचीच!)

पर्वती मुळीच सोडू नका. काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या निरोपाशिवायही ग्लुट-४ वर आणतात. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर खिशात ग्लुकोजची पुडी हवी. आणि खाली उतरल्यावर मिसळ नको, हे ह्यांना तुम्हीच सांगा. थकव्यासाठी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडही तपासून घ्या.