तळ्यातली कॅडिसफ्लाय: आधी बघायला शिका

संथ पाण्यावर फ्लाय-फिशिंग (कीटकाची नक्कल असलेला गळ, म्हणजे ‘फ्लाय’, वापरून मासेमारी) सुरू करताय, तर पहिले एक-दोन दिवस रॉड बाजूला ठेवा आणि काठच्या उथळ पाण्यात नीट बघत बसा. तळाशी पडलेली एखादी काडी हळूच चालू लागली, की समजा ती कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या कीटकाची अळी. पानांचे तुकडे, वाळू, काड्या, कधी गोगलगाईचे रिकामे शंखसुद्धा स्वतःच्या रेशमाने चिकटवून ती अंगाभोवती नळी बांधते. मला आजही ते बघताना वेळेचं भान राहत नाही. ट्राउट मासा ही अळी घरासकट गिळतो, म्हणून त्याच्या पोटात काड्या आणि खडे सापडतात. तेव्हा अळीची नक्कल तळालगत, अगदी सावकाश ओढा.

खरी मजा मात्र कोषाची, म्हणजे अळी आणि प्रौढ कीटक यांच्यामधल्या अवस्थेची. पूर्ण वाढ झाली की तो नळी कुरतडून बाहेर पडतो आणि पाय मारत वर पोहत येतो. पृष्ठभागाखाली तो क्षणभर अडकतो, आणि मासे त्याला तिथेच टिपतात. नवशिके इथेच चुकतात: पाण्यावर वलयं दिसली की लगेच तरंगता फ्लाय बांधतात. आधी कोषाची नक्कल वापरून बघा. थोडी बुडू द्या, मग छोट्या हिसक्यांनी वर आणा.

प्रौढ कीटक ओळखायला सोपा: पंख कौलारू छपरासारखे मिटलेले, मिशा लांब. बऱ्याच जाती संध्याकाळी निघतात आणि काही पाण्यावर तुरुतुरु पळतात. अशा वेळी तरंगता फ्लाय जरा सरकवा. दोरी मात्र जाड ठेवा, धडक जोरात बसते.