नागपुरात वाघावर पीएच.डी. करावी का?

आपण एम.एस्सी. प्राणिशास्त्र पूर्ण केले असून नागपुरातच राहून वाघावर पीएच.डी. करता येईल का, असे विचारले आहे. करता येईल, परंतु मी येथेच कीटकांवर संशोधन केले असल्याने, आपणही लहान प्राणी निवडावा असेच सुचवेन.

पेंच, बोर आणि उमरेड-कऱ्हांडला ही वाघांची जंगले जवळ असल्यामुळे येथील बहुतेक विद्यार्थ्यांना आधी वाघच सुचतो. मात्र अभयारण्यात संशोधन करायचे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि त्यांचे कार्यालय नागपुरात आहे म्हणून ती लवकर हाती पडेल असे समजू नये. ती मिळाली तरी वाहन व कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे) यांचा खर्च उरतो, आणि एकट्या विद्यार्थ्याच्या नोंदी ठोस निष्कर्षासाठी अनेकदा अपुऱ्या पडतात.

याउलट कपाशीवरील गुलाबी बोंडअळी पाहा. ती बोंडाच्या आत राहत असल्याने फवारणी तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही, आणि बीटी कपाशीतील (जनुकीय बदल करून अळीनाशक बनवलेल्या वाणातील) विषाला तिने प्रतिकारक्षमता मिळवली असल्याने आनुवंशिकी, परिसंस्था आणि शेती या तिन्ही अंगांनी तिच्यावर काम करता येते. नमुने हंगामात शेतातूनच मिळतात आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही याच शहरात आहे. संत्र्यावरील कोळशी या रस शोषणाऱ्या काळ्या माशीचा अभ्यास करायचा असल्यास काटोल-नरखेडच्या बागा दूर नाहीत. (घरच्यांना 'अळीवर पीएच.डी.' हे पटवणे मात्र अवघड जाते.)

विषयाइतकेच मार्गदर्शकाचे महत्त्व आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ संशोधक घेता येतात. त्यामुळे जागा रिकामी आहे का, हे आधी विचारावे. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर वाचावेत आणि त्यांना किती वर्षे लागली तेही पाहावे, कारण नियमाने किमान ३ वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम बहुधा त्याहून लांबतो.

एवढ्या काळाचा खर्च भागवण्यासाठी सीएसआयआर-यूजीसी नेटची जीवविज्ञान शाखेची राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळवावी. २०२३ पासून तिची रक्कम दरमहा ३७,००० रुपये आहे. आपण इतर मागास प्रवर्गातील असल्यास नागपुरातच मुख्यालय असलेल्या महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेच्या अधिछात्रवृत्तीसाठीही अर्ज करता येतो.