चहाची पहिली लागवड करताय? आधी एवढं बघा

मनापासून शुभेच्छा! रोपं आणण्याआधी मातीचा सामू (pH, म्हणजे माती किती आम्ल आहे ते) तपासून घ्या. चहाला आम्लधर्मी जमीन लागते, साधारण 4.5 ते 5.5. पाणी साचत असेल तर आधी चर काढा. उतारावर ओळी आडव्या, समपातळीत लावा, नाहीतर वरची माती वाहून जाते.

नवखे हमखास चुकतात ते खुडणीच्या घाईत. सुरुवातीची दोन-तीन वर्षं झुडूप छाटून पसरू द्या. तोवर घरखर्चासाठी ओळींमध्ये कडधान्य घ्या, जमीनही सुधारते. पुढे खुडायचं ते दोन पानं आणि एक कळी. जून पानांनी वजन वाढतं, पण भाव पडतो.

आणि चहा तयार करणारा कारखाना किती लांब आहे? खुडलेला पाला काही तासांत तिथे पोचायला हवा. पोत्यात दाबून भरू नका, आतल्या आत गरम होऊन लाल पडतो. खतं-फवारणीचं नंतर बोलू.