थंडीआधी बर्फ शीक

अनेक आशीर्वाद.

ध्रुवीय प्राण्यांवर काम करायचं म्हणतोस, फार बरं वाटलं. वास्कोला सड्यावर ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, आणि आपली पहिली अंटार्क्टिक मोहीम १९८१च्या डिसेंबरात गोव्यातूनच निघाली होती. लांब कुठे जायला नको. पण तुझ्या पत्रातले सगळे प्रश्न थंडीचे आहेत. माझं ऐक, आधी बर्फाचा अभ्यास कर.

थंडीचा बंदोबस्त या जिवांनी केव्हाच केलाय. एम्परर पेंग्विनचा नर ऐन हिवाळ्यात एकुलतं अंडं पावलांवर घेऊन, वर पोटाच्या कातडीची घडी पांघरून दोनेक महिने उभा असतो. पोटात अन्नाचा कण नाही. वारा सुटला की सगळे एकमेकांना खेटतात आणि जागा बदलत राहतात. पायांकडे जाणारं गरम रक्त वाटेतच वर येणाऱ्या गार रक्ताला ऊब देतं. पाय थंड राहतात, अंग नाही. तिथल्या कित्येक माशांच्या रक्तात तर बर्फाचे कण वाढू न देणारी प्रथिनं असतात.

पण पेंग्विनची पिल्लं वाढतात ती किनाऱ्याला धरून गोठलेल्या समुद्रावर. तो बर्फ साधारण एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत टिकला पाहिजे, कारण लव झडून पाण्याला दाद न देणारी पिसं यायला डिसेंबर उजाडतो. आधीच फुटला, तर पिल्लू भिजतं आणि बुडतं किंवा गारठून मरतं. २०२२ साली अंटार्क्टिकातल्या बेलिंग्सहाउसेन समुद्राकाठच्या पाचपैकी चार वसाहतींत बहुधा एकही पिल्लू वाचलं नाही. उपग्रहाच्या चित्रांवरून हे कळलं. मला ते वाचताना आजही गलबलून येतं.

उत्तरेत कॅनडातल्या हडसनच्या उपसागरात ध्रुवीय अस्वलांचं दुखणं तेच: बर्फ लवकर वितळतो, सील पकडायचे दिवस कमी होतात.

म्हणून उपग्रहाची चित्रं वाचायला शीक. समुद्रबर्फाचे रोजचे नकाशे फुकट मिळतात, ते बघत जा. संख्याशास्त्राचा कंटाळा करू नकोस. तिथेच बरीच हुशार मुलं गळतात.

आणि पक्षी इथेही बघ. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल अंटार्क्टिकात अंडी घालतो आणि तिकडच्या हिवाळ्यात आपल्या अरबी समुद्रात येतो. चिमणीहून थोडा मोठा, काळपट, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. पाण्यावर पाय आपटत खाणं टिपतो. १ जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत एखाद्या ओळखीच्या तांडेलाबरोबर खोल पाण्यात जाऊन ये. तारीख, वेळ, वारा, किती पक्षी, सगळं जागच्या जागी वहीत लिही, आणि ती पानं मला पाठव.