परदेशात नवीन इलेक्ट्रिक कार बुक केलीय, बोटीने येणार आहे. ॲपमध्ये डिलिव्हरीची तारीख सारखी बदलतेय, नेमकी किती वाट बघावी लागते?

तुमचा प्रश्न वाचून माझेच दिवस आठवले. सकाळी डोळे उघडले की आधी ॲप, तारीख बघायची आणि बायकोला सांगायचं, परत पुढे गेली. ती म्हणायची, अरे गाडी घेतलीयेस का सोयरीक जमवतोयस.

माझी गाडी चीनमधून युरोपात आली. बुकिंगपासून किल्ली हातात येईपर्यंत १४ आठवडे, त्यातले साडेसहा बोटीवर. तुमचा आकडा वेगळा येईल, पण ॲपमधली तारीख हा कॉम्प्युटरने लावलेला अंदाज असतो एवढं डोक्यात ठेवा. जोवर व्हीआयएन, म्हणजे त्या एका गाडीचा स्वतःचा ओळख क्रमांक, मिळत नाही तोवर "तुमची" अशी गाडीच नसते, रांगेतला एक नंबर असतो फक्त. व्हीआयएन आला की मग खरं. १७ अक्षरं-आकडे असतात, पहिलं एल असेल तर चीनमध्ये बनलेली, डब्ल्यू म्हणजे जर्मनी, जे जपान, के कोरिया. तेवढ्यावरून समुद्रप्रवास किती लांबचा ते कळतं.

गाड्या कंटेनरमधून येत असतील असं मला वाटायचं, पण बहुतेक रो-रो बोटीने येतात, म्हणजे गाड्या चालवतच आत नेतात आणि चालवतच बाहेर काढतात. बाहेरून बघितलं तर तरंगता बुटांचा खोका, आत बारा-तेरा मजली पार्किंग, पाच-सात हजार गाड्या एकमेकींना खेटून पट्ट्यांनी जमिनीला बांधलेल्या. ही बोट बहुतेकदा थेट तुमच्या बंदरात येत नाही, वाटेत दोन-चार ठिकाणी गाड्या उतरवत येते, आणि एका बंदरात रांग लागली की पुढचं सगळंच सरकतं. त्यात १९ नोव्हेंबर २०२३ ला तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी गॅलेक्सी लीडर ही गाड्या नेणारीच बोट पळवली, त्यानंतर बऱ्याच कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली, म्हणजे दहा-पंधरा दिवस वाढले. माझ्या बोटीनेही तोच वळसा घातला. नाव कळलं की ट्रॅकिंगच्या साईटवर दिसते, पण किनाऱ्यापासून लांब गेली की फुकटच्या नकाशावरून गायबच होते, तेव्हा घाबरू नका. मी घाबरलो होतो, केप टाऊनच्या अलीकडे चार दिवस टिंब हललंच नाही आणि मी रात्री दोनला बोटींना आग लागल्याच्या बातम्या वाचत बसलो.

त्या बातम्या तुम्हीही वाचणारच म्हणून सांगतो. जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सजवळ फ्रीमँटल हायवे नावाची गाड्या नेणारी बोट पेटली, एका खलाशाचा जीव गेला आणि पहिल्या दिवसापासून ठपका इलेक्ट्रिक गाड्यांवर ठेवला गेला. नंतर बोट ओढून बंदरात आणली तर खालच्या मजल्यांवरच्या शेकडो इलेक्ट्रिक गाड्या चांगल्या स्थितीत निघाल्या. हजारो बोटी गुपचूप येतात जातात, त्यांची बातमी होत नाही.

खरा वैताग बोट लागल्यावर सुरू होतो. समोर बंदरात गाडी उभी, आणि कस्टम्स, तपासणी, मग ट्रेलर मिळेना, यात माझे १६ दिवस गेले. कस्टमर केअरवाल्याला फोन केला की तोच पाठ केलेला मेसेज वाचून दाखवायचा. तिमाही संपत आली की मात्र सगळ्यांना अचानक पंख फुटतात, कारण विक्रीचा आकडा दाखवायचा असतो. मला तर मंगळवारी फोन आला की गुरुवारी या.

म्हणून जुनी गाडी आधी विकू नका. मी विकली आणि पाच आठवडे बसने फिरलो. लोन मंजुरीची मुदत किती ते आत्ताच विचारून घ्या, तारीख सरकली तर व्याजदर बदलू शकतो. घरी चार्जर बसवायचा असेल तर याच काळात इलेक्ट्रिशियनला बोलवा, गाडी दारात आल्यावर त्याची तारीख मिळत नाही.

आणि घ्यायला जाल तेव्हा दिवसाउजेडी जा. रंगावर ओरखडे बघा, पट्ट्या बांधतात तिथे खाली वाकून बघा, टायरमधली हवा तपासा, वाहतुकीसाठी बऱ्याचदा जास्त भरलेली असते आणि कमी करायची राहून जाते. माझी तशीच होती, घरी येईपर्यंत प्रत्येक खड्डा कंबरेत बसला आणि मी मूर्खासारखा सस्पेन्शनला शिव्या देत होतो.